माहेरच्या खात्यावर

जुन्या मुंबईच्या आरोग्य-अहवालांतले तक्ते एक्सेलमध्ये चढवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. प्लेग भरून झाला, इन्फ्लुएंझाही झाला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू, तेही हात न थांबता टंकले. माणूस निर्ढावतो. अडले ते १९२१ च्या बालमृत्यूंपाशी: हजार जन्मांमागे ६५० च्या वर!

चाळीतल्या एकाच खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, गिरणीत जाणारी आई तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून झोपवायची, हे सगळं खरं. तरी तिनातली जवळपास दोन बाळं वर्षाच्या आत गेली, हे पचेना. पान पुन्हा स्कॅन करून मागायला रेकॉर्डरूममध्ये गेले.

तिथले काका लालबागचे. पान न बघताच म्हणाले, "मॅडम, बाळंतपणाला बाई जाते कुठे?"

"माहेरी."

"मग जन्म तिकडेच लागणार ना! माझा देवगडला लागलाय. तीन महिन्यांचा झालो तेव्हा आई बोटीने घेऊन आली."

गणित उलगडलं. बाळ मुंबईत दगावलं की मृत्यू मुंबईच्या नावावर, जन्म मात्र कोकणातल्या गावात. भागाकारात वरचा आकडा पुरा, खालचा तुटका. दर फुगणारच. नंतर वाचताना दिसलं, त्या काळच्या जाणकारांनाही हे ठाऊक होतं.

मला मात्र त्या बाळांच्या आयांचा विचार सोडेना. माहेरी सुईणीच्या न धुतलेल्या हातांनी सुटका झाली, खिडक्या बंद, शेगडी पेटलेली, आणि चार दिवसांत ताप चढला. गावात मृत्यूची नोंद पोलीस पाटलाकडे. कारणाच्या रकान्यात पटकी-देवी नसेल तर बहुधा नुसतं 'ताप'. हिवतापाने गेलेला म्हातारा आणि सूतिकाज्वराने गेलेली विशीतली पोर एकाच रांगेत. वर्षानुवर्षं गिरणगावात राबलेली बाई मुंबईच्या तक्त्यात मेलीच नाही! म्हणजे बाळांचा आकडा फुगलेला आणि आयांचा आक्रसलेला, कारण एकच. पहिल्याबद्दल सगळे बोलतात, दुसऱ्याबद्दल फारसं कोणी नाही.

रकान्याशेजारी तसा शेरा टाकला. साहेबांनी विचारलं, "याला आधार काय?" काकांचं नाव सांगून भागणार नव्हतं.

परळला वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं, मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. त्यानंतर शहरातच बाळंत होणाऱ्या वाढल्या असतील, तर दोन्ही आकडे हलायला हवेत. पुढच्या वर्षांचे गठ्ठे काकांकडे मागितलेत. त्यांनी आधी चहा मागितला.