तुम्ही विचारलंत म्हणून : मोबाईलवर न मिळणारी सुभद्रा

पेटी शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, त्यांना सोडायला आलेल्या आया विचारतात. परवा भाजी घेताना ओळखीच्या एका बाईंनीही विचारलं, "काकू, कीर्ती शिलेदारांची पदं तर सगळी मोबाईलवर आहेत. मग प्रत्यक्ष बघण्यात असं वेगळं काय होतं?" दर वेळी मी घाईघाईत दोन वाक्यं बोलते आणि घरी येईपर्यंत मनाला लागून राहतं, की सांगायचं ते राहिलंच. म्हणून संगीत नाटकातल्या या गायिका-अभिनेत्रीबद्दल आज नीट बसून सांगते.

मोबाईलवर पद जिथे सुरू होतं, तिथे ते सुरू होत नव्हतं.

'सौभद्र' हे संगीत नाटक घ्या. सुभद्रेचं मन अर्जुनावर, अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला, आणि इकडे बलरामदादा तिला दुर्योधनाला द्यायला निघालेले. त्या कोंडीतून 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद येतं. ध्वनिमुद्रणात आधी ऑर्गनचे सूर, मग पद. आमच्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात मी ऐकलं ते असं : कीर्तीताईंचं गद्य चालू होतं, साधं, घरातल्या मुलीनं बोलावं तसं. बोलता बोलता आवाज जरासा वर गेला. ऑर्गनवाल्यानं त्याच सुरावर अलगद बोट ठेवलं, आपल्याला कळलंही नाही. वाक्य संपता संपता 'वद' आला. वद म्हणजे सांग. तो शब्द त्या गायल्या की त्यांनी विचारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या शेजारी खेड्यातून आलेल्या एक आजी बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. पदाची पहिली ओळ दुसऱ्यांदा आली तशा त्या पुटपुटल्या, "किस्नाला सांग की गं बाई." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. रंगमंचावरच्या पोरीनं विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. नाटक १८८२ सालचं. पुढं काय होणार हे त्या आजींनाही पाठ असणार, कारण कृष्णच तर सगळं जुळवून आणतो. तरी त्यांना राहवलं नाही. मी त्यानंतर कितीतरी गायिकांच्या तोंडून हे पद ऐकलं, उत्तम ऐकलं, पण त्याला उत्तर देणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

दुसरी गोष्ट तर मोबाईलवर सापडणंच शक्य नाही, कारण तिच्यात त्या गातच नाहीत. संगीत नाटकात नायक पाच-सात मिनिटं पद म्हणतो. तेवढा वेळ नायिकेनं करायचं काय? बऱ्याच जणी पदराशी चाळा करत उभ्या राहतात, आपली पाळी येईपर्यंत. 'मानापमाना'तली भामिनी आधी धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारते आणि मग वनमाला होऊन त्याच्यासमोर जाते. त्यामुळे तो गातो तेव्हा वनमालेनं एक ऐकायचं आणि आतल्या भामिनीनं दुसरं. कीर्तीताईंचं ते ऐकणं मी पाहिलंय. मान थोडी खाली, आणि त्याची एखादी जागा चढली की बोटं शेल्याच्या काठावर थांबायची. एवढंच. त्यानंतर त्यांचं पद आलं की ते त्याच्या पदाला दिलेलं उत्तर वाटायचं. मी गाणं शिकवते, पण माझं स्पष्ट मत आहे की त्यांचा खरा रियाज या न गाण्याच्या मिनिटांत दिसायचा.

'मानापमान' लिहिणारे खाडिलकर सांगलीचे, आणि ज्या 'संशयकल्लोळा'त मी कीर्तीताईंची रेवती पाहिली ते लिहिणारे देवल आमच्या हरिपूरचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेही इथेच. त्यामुळे या गावात नाटक बघायला बसलेला माणूस उदार नसतो. पुढच्या ओळीचा शब्द नटाआधी त्याच्या ओठावर आलेला असतो. अशा लोकांपुढे रेवतीचा तो नखरा, तो संशय, तो फणकारा कुठेही थिल्लर न होता उभा करणं सोपं नव्हतं.

माझ्या वडिलांनी कीर्तीताईंच्या आई जयमालाबाईंना तरुणपणी पाहिलेलं. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि गावोगाव संगीत नाटकं नेली. लता आणि कीर्ती या दोन्ही मुली त्यातच वाढल्या. वडील जयमालाबाईंचे परमभक्त, त्यामुळे लेकीचं नाटक बघायला जाताना ते जरा घट्ट चेहऱ्यानंच निघाले होते. पहिला अंक संपला तरी बोलले नाहीत. मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "शब्द पडत नाही हिचा." आमच्या घरात याहून मोठी दाद नव्हती. गंधर्व गायकीत, म्हणजे बालगंधर्वांच्या वळणाच्या गाण्यात, तान कितीही लांब गेली तरी शब्दाचा अर्थ हातातून सुटू द्यायचा नाही, हे त्यांनी मला तेव्हा, कपबशी हातात धरून, समजावलं.

आणि 'स्वरसम्राज्ञी'. विद्याधर गोखल्यांचं हे नाटक १९७२ साली आलं, संगीत नीळकंठबुवा अभ्यंकरांचं. कीर्तीताई तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर. तमाशातली मैना अभिजात गाण्यापर्यंत पोचते, त्याची ही गोष्ट. मी पाहिलं ते पुष्कळ नंतर. 'कशी केलीस माझी दैना' ही लावणी त्या उघड्या, ठसठशीत आवाजात म्हणायच्या, आणि तोच गळा पुढे हळूहळू शिकत जाताना ऐकू यायचा. विचार करा, ज्या बाईला सगळं येतं तिनं न येण्यापासून सुरुवात करायची! सूर मुद्दाम चुकवून तर चालत नाही, कानाला खटकेल. त्या सूर चोख ठेवायच्या आणि लावण्याची पद्धत बदलायच्या : आधी फेकलेला, मग सांभाळलेला, शेवटी टेकलेला. शेवटच्या अंकातली बैठक घातलेली मैना बघताना पहिल्या अंकातली पोर तिच्यात दिसत राहायची. एकेक गाणं सुटं ऐकलं तर दोन्ही छान वाटतील. त्यांच्यामधलं चालणं मात्र सलग तीन तास बसल्याशिवाय कळत नाही.

वन्समोअरबद्दलही विचारतात : त्यानं नाटक मोडत नाही का? मोडतं, पुष्कळदा मोडतं. टाळ्या घेऊन गवई तेच पद पुन्हा म्हणतो आणि पात्र विंगेत निघून जातं. कीर्तीताई टाळ्या ओसरेपर्यंत सुभद्राच राहायच्या. नमस्कार करायच्या तोही तिच्याच अंगानं, आणि दुसऱ्यांदा पद सुरू करायच्या तेव्हा निराळ्याच शब्दावर थांबायच्या. सुभद्रेला तोच प्रश्न पुन्हा पडलाय, आणि या वेळी तो जास्त टोचतोय, असं वाटायचं.

२२ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या. बातमी आली तेव्हा माझ्याकडे दोन मुली पेटीवर बसल्या होत्या. मी त्यांना लगेच थांबवलं नाही. त्यातली एक 'वद जाऊ' चाच मुखडा घोटत होती, काळी दोनच्या पट्टीत. मी तिला म्हटलं, पेटीवरचे हात काढ. आधी मला सांग, तुझा दादा तुझं लग्न कुणाशी ठरवतोय? ती हसली. मग तिनं गोष्ट विचारली, आणि त्या दिवशी आम्ही पुढे पेटी वाजवलीच नाही. दिवे लागेपर्यंत मी तिला सुभद्रा सांगत होते, द्वारका, तीर्थयात्रा, दुर्योधन, सगळं. ती मधेच म्हणाली, "मग ती कृष्णाला का नाही सांगत?"