त्या दिवसाची हजेरी लागणार काय?

परवा आमचं आंब्याचं कॅनिंग, म्हणजे पल्प डब्यात भरायचं काम, संपलं. बॉयलर थंड झाला, शेवटचे क्रेट धुवून उलटे घातले, आणि मी पगाराचं काढत बसले होते तर पॅकिंगच्या एक मावशी दारात येऊन उभ्या. म्हणे ताई, ह्या वर्षी पार्टी कधी ती लवकर सांग, भातलावणीचं बघायला बरं. मला हसूच आलं, कारण दीड वर्षापूर्वी ह्याच मावशींना मी पार्टीचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "नाय आलं तर चालेल ना?"

तर ह्या दीड वर्षात काय झालं ते लिहून ठेवते, कोणी आपल्या युनिटला किंवा दुकानाला असलं काही करणार असेल तर आमच्या चुका तरी वाचतील.

आमचं युनिट रत्नागिरीजवळ पावस रोडला, लहान. सीझनला आंब्याचा पल्प आणि आंबापोळी, नंतर कोकम सरबत, आमसुलं. कायमची माणसं १४, आणि कॅनिंगच्या दोन-अडीच महिन्यांत गावखडी, पूर्णगड बाजूच्या २७ बायका. मी अकाउंट्स बघते, म्हणजे नावाला अकाउंट्स, बाकी फ्यूज उडाला तरी मलाच हाक.

पहिली पार्टी केली डिसेंबर २०२४ ला. मालकांच्या (आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो) पुतण्याची आयडिया, तो पुण्याला नोकरीला होता आणि तिकडे वर्षाच्या शेवटी सगळे करतात म्हणे. गणपतीपुळ्याच्या बाजूला एक रिसॉर्ट ठरवलं, २८ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी सात वाजता. कायमचे १४ आणि त्या २७ पैकी पॅकिंगच्या ८ बायका. आता ह्या एका वाक्यात किती चुका आहेत बघा. पावसहून गणपतीपुळे ४० किलोमीटरच्या वर, तेही रत्नागिरी ओलांडून. वेळ अशी की परतीची एसटी नाही. वार शनिवार. आणि महिना मार्गशीर्ष! आमच्याकडच्या अर्ध्या बायका मार्गशीर्षाचे गुरुवारच नाही, अख्खा महिना पाळतात, त्या वर्षी तो ३० डिसेंबरपर्यंत होता. म्हणजे तीन दिवस थांबलो असतो तरी चाललं असतं, पण कॅलेंडर बघितलं कोणी? मीसुद्धा नाही, आणि मी स्वतः गुरुवार करते.

मग काय, चिकनची भांडी भरलेली तशीच, आणि पनीर वीस मिनिटांत संपलं. भाऊंचं भाषण पाऊण तास. बेस्ट एम्प्लॉयीची ट्रॉफी सुपरवायझरला, ज्याचं आणि पॅकिंगचं आधीच फाटलेलं. डीजे लावला तेव्हा बायका पर्सा घेऊन कडेच्या खुर्च्यांवर, घरून फोन, कधी येतेस, कोणाबरोबर येतेस. शेवटी मी दोन रिक्षा करून त्यांना नऊलाच पाठवलं, त्यातल्या तिघी धड जेवल्या पण नव्हत्या. नंतर पुरुष मंडळींपैकी काहींनी गाडीतून आणलेलं काढलं, ते वेगळंच.

खर्च ३८ हजार, २२ माणसांत. बिलावर जीएसटी दिसला तेव्हा मी मनात खूश, क्रेडिट तरी घेऊ, आम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढा वळता होईल. आमचे सीए हसले. खाण्यापिण्याच्या आणि केटरिंगच्या बिलावरचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, कायद्यातच अडवलेलं आहे. खर्च म्हणून स्टाफ वेल्फेअरला टाकता येतो, तेवढंच. भाऊ वैतागून म्हणाले पुढच्या वेळी दिवाळीच्या बोनसमधून वळते करू. त्यांना सांगावं लागलं की ८.३३ टक्के बोनस कायद्याने द्यायचाच असतो, जेवण घातलं म्हणून तो कमी होत नाही.

पुढच्या सीझनला, म्हणजे २०२५ ला, आदल्या वर्षीच्या २७ पैकी १५ जणीच परत आल्या. पार्टीमुळे असं मी म्हणत नाही, त्यातल्या बहुतेकींना तर पार्टीला बोलावलंही नव्हतं. पण नवीन १२ जणींना शिकवताना जीव गेला. बाहेरच्याला वाटतं आंबा सोलायला काय लागतं, पण हात बसायला आठवडा जातो, तोवर सालाबरोबर गर जातो, चिकाने हात उततात म्हणून दोघी-तिघी चार दिवसांतच सोडून जातात, आणि पिकलेला आंबा तुमच्यासाठी थांबत नाही. मे महिन्याच्या शेवटी भाऊच म्हणाले की ह्या बायका टिकल्या पाहिजेत, काहीतरी कर, पार्टीच कर परत, पण तुझ्या पद्धतीने.

माझी पद्धत म्हणजे काय, मी टेबलाशी जाऊन बसले आणि विचारलं. पहिला प्रश्न त्यांचाच आला, "त्या दिवसाची हजेरी लागणार काय?"

मी गप्प. कारण हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला पार्टी म्हणजे मजा, पण रोजावरच्या बाईला तो एक बुडालेला दिवस, वर साडी, वर एसटीचं भाडं, वर घरी सासूला उत्तर. भाऊंना सांगितलं तर आधी म्हणाले जेवण पण आपलं आणि हजेरी पण आपली? मी म्हटलं भाऊ, तुमचा पगार चालू असतो ना त्या दिवशी, माझा पण असतो. दोन दिवस घेतले त्यांनी, पण हो म्हणाले. माझ्या मते अख्ख्या पार्टीत ठरवायचं असं हे एकच होतं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणजे तारीख सोडून. तारीख हा कोकणात स्वतंत्र विषय आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनिंग संपतं तेव्हा सगळे मेलेले असतात. मग लावणी, बाया शेतात. श्रावण लागला की वशाट (मांस-मच्छी) बंद. मग गणपती, त्याच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर आठ दिवस कोणाशी बोलून उपयोग नाही. पितृपक्षात पार्टी कोण करेल. नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्ष. ३१ डिसेंबरला किनाऱ्यावरचे सगळे हॉल आणि खोल्या मुंबई-पुणेवाल्यांच्या, दर विचारू नका. मग शिमगा, पालखी घरी येणार म्हटल्यावर माणूस गावातून हलत नाही, आणि तोवर आंबा सुरू! आता उरलं काय तर लावणी आटपत आली की श्रावण लागायच्या आधीचे आठ-दहा दिवस. २०२५ ला २४ जुलैला आषाढी अमावास्या होती. त्याच्या आधीच्या दिवसांतून सोमवार, गुरुवार, शनिवार काढा, २१ ची एकादशी तशीही सोमवारीच, रविवारी बायकांना घरचंच दुप्पट काम. उरलेल्यांतून धरला बुधवार १६ जुलै. सकाळी अकरा ते साडेतीन, म्हणजे दिवेलागणीच्या कितीतरी आधी सगळ्या घरी.

जागा पावसमध्येच, एक साधा हॉल. पुतण्या बीचवर गेम्स घेऊ म्हणत होता, जुलैत! बाहेर छत्री उलटी होतेय आणि खवळलेल्या समुद्रावर ह्याला रस्सीखेच घ्यायची होती.

जेवणाचं विचारलं तर मला वाटलेलं काहीतरी हॉटेलचं मागतील. एक आत्ये म्हणाल्या, "कायपण कर, पण आमी केलेला नसूदे." बस, एवढीच मागणी. मासे नाहीतच, १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी, बाजारात जे काय येतं ते खाडीचं नाहीतर बर्फातलं आणि भाव डोळे फिरवणारा. म्हणून वडे-सागोती, आणि न खाणाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी, गोडाला खापरोळी. शाकाहारी वाढप वेगळ्या टेबलावर आणि तेवढंच भरपूर, मार्गशीर्षाचा धडा लक्षात होता. एका बचत गटाला काम दिलं, २८० रुपये ताट, ४१ ताटं, ११ हजार ४८०. गटाच्या ताई रोख मागत होत्या. पण एका दिवसात एका पार्टीला १० हजारांच्या वर रोख दिलं तर इन्कम टॅक्सला तो खर्च धरत नाहीत, म्हणून गटाच्या खात्यावर टाकले, त्याही नंतर म्हणाल्या बरं झालं, पासबुकात दिसतंय, बँकेत कर्जाला दाखवता येईल.

दारूबद्दल पुतण्या परत एकदा "थोडीशी" म्हणून बघत होता. सरळ नाही म्हटलं. कंपनीने दारू ठेवायची तर एक दिवसाचा परवाना काढा, कोणाचं वय किती बघा, हे सगळं आहेच, पण मुख्य म्हणजे कंपनीची पार्टी हे कामाचंच ठिकाण धरतात. २०१३ चा महिलांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे ना, त्यात कामानिमित्त जिथे जाल ती जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा येते. त्या रिसॉर्टवर काही कमीजास्त झालं असतं तर "ऑफिसबाहेर होतं" म्हणून कोणी सुटलं नसतं. हे मी भाऊंना नीट वाचून दाखवलं, त्यानंतर विषय निघाला नाही.

गाडी म्हणजे एक मिनीबस, गावखडीहून निघून पुलावरून पूर्णगड करत पावसला, दोन फेऱ्या, ५ हजार. तिच्याबद्दल पुढे सांगते.

कार्यक्रम म्हणून मी काहीच ठरवलं नव्हतं आणि जरा घाबरले होते. फुगडी झाली, भेंड्या झाल्या, मग कोणीतरी म्हणालं अण्णांना गायला सांगा. अण्णा म्हणजे आमचे बॉयलरवाले, अकरा वर्षं कामाला, दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. हा गृहस्थ गणपतीत जाखडीच्या नाचाला तुरेवाल्यांकडून शाहीर म्हणून उभा राहतो हे मला माहीतच नाही! पॅकिंगमधल्या एका पोरीचे वडील शक्तीवाले, म्हणजे समोरच्या बाजूचे, निघाले, मग काय, तिने सवाल टाकला, ह्यांनी जवाब. कोणीतरी डबा उलटा करून वाजवायला घेतला. आणि मधेच अण्णांनी भाऊंकडे बघून लावलं,

भाऊ आमचे लाख गुणाचे, सोलायच्या खोलीत पंखे दोन,
एक फिरतो, एक बघतो, घाम पुसायला येतंय कोण?

हॉल डोक्यावर. भाऊ लाल झाले, मग हसले, मग त्या दिवशी भाषण केलंच नाही. पंख्याची तक्रार माझ्याकडे लेखी दोनदा आली होती हो, मी फाइलला लावली होती. गाण्यात आली तेव्हा चार पंखे आले.

ट्रॉफ्या नाहीत. भेट काय द्यायची विचारलं तेव्हा सगळ्यांनी स्टीलचा डबा नको म्हणून आधीच सांगितलं, घरात ठेवायला जागा नाही म्हणे. गणपतीसाठी पाच-पाच किलो साखर दिली. सगळं धरून, २७ जणींच्या हजेरीसकट, ४४ हजारांच्या आत ४१ माणसं.

आता गाडीचं. जेवण झाल्यावर पहिल्या फेरीला थांबलेल्या बायका बोलत होत्या, की ही गाडी सीझनला असती तर. आमची वेळ आठची, आणि गावखडीकडची एसटी यायला आठ-चाळीस होतात, म्हणून आम्ही रोज चिडायचो, अर्धा दिवस कापायची धमकी द्यायचो. आणि दुसऱ्या एका युनिटकडे जाणाऱ्या बायका पैशांसाठी नव्हे, त्यांचा टेम्पो दारात येतो म्हणून जात होत्या! मी रात्री बसून हिशोब केला, २७ जणी गुणिले ४० मिनिटं म्हणजे रोजचे १८ तास. पिकलेला माल समोर आणि १८ तास रस्त्यावर. भाऊंना कागद दाखवला. ह्या सीझनला त्याच मिनीबसवाल्याशी महिन्यावर बोललो, रस्ता तर त्याला पार्टीमुळे पाठ होताच, कुठे कोणाला घ्यायचं तेपण.

२७ पैकी २४ परत आल्या. एक मुलाकडे मुंबईला गेली, एकीला बाळ झालं, एकीला दुसरीकडे रोज जास्त मिळाला. तिसरीला वड्यांवर थांबवता आलं नसतं, आणि तिने का थांबावं. मला विचाराल तर २४ चं श्रेय गाडीला, पार्टीला नाही. पण गाडीचं आम्हाला कळलं ते पार्टीत, एरवी त्या माझ्या टेबलापर्यंत येऊन बोलल्या नसत्या, आणि आल्या असत्या तर मी फाइलला लावलं असतं.

असो. मावशी दारात उभ्या होत्या तिथे येते. कॅलेंडर काढलं आणि दोघी वाकून बघत बसलो. ह्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला त्यामुळे सगळं पुढे सरकलंय, श्रावण लागतोय १३ ऑगस्टला. म्हणजे लावणी पूर्ण आटपते, आणि बंदी उठते १ ऑगस्टला. मावशींनी बोटाने मधले दिवस मोजले, बारा. बुधवार ५ ऑगस्टवर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "बोटी भायेर पडल्या तर सुरमय सांग, नायतर कोंबडी हायच." मी पेन्सिलने गोल केलाय. बचत गटाला आज फोन केला, त्या म्हणतात सुरमईचा भाव आत्ता कसा सांगू, समुद्राला विचारा.