मिरर लेकच्या पलीकडच्या काठावर

गुडघ्यांची तक्रार असलेल्या आईवडिलांना अमेरिकेतल्या ऑरेगनमधला डोंगर पायी दाखवायचा तर कुठे न्यावं, असं कुणी विचारलं की मी लगेच मिरर लेक या तळ्याचं नाव सांगते. उन्हाळ्यात आई इकडे आली तेव्हा तिलाही तिथेच नेलं.

पोर्टलंडहून हायवे २६ धरला की सव्वा-दीड तासात माउंट हूडचं नॅशनल फॉरेस्ट. पायवाट सुरू होते ती चक्क एका स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून. आईला नवल वाटलं, सरकारी जंगलात हे कसं? नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांत हाच फरक. नॅशनल फॉरेस्ट सांभाळणारी फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ पासून कृषी खात्याखाली आहे, त्यामुळे या जंगलांत स्कीइंग चालतं, ठरवून दिलेल्या ठिकाणी लाकूडतोडही होते. कुत्र्यांनाही पायवाटेवर मुभा असते. नॅशनल पार्कच्या बहुतेक पायवाटांवर ती नसते. आम्हाला वाटेत माणसांइतकीच कुत्री भेटली आणि आई प्रत्येकाशी मराठीत बोलली.

जाऊन-येऊन चार मैलांच्या थोडं वर, म्हणजे सात किलोमीटरच्या आत. चढ साधारण सातशे फुटांचा, तोही वळणावळणाने, अंगावर न येणारा. सुरुवातीचा तुकडा तर पक्का बांधलेला आहे. पार्किंगमधून वाटेची ही नवी सुरुवात २०१८ मध्ये केली. त्याआधी लोक हायवेच्या कडेलाच गाड्या लावायचे आणि ते धोक्याचं होतं.

सगळी वाट सावलीतून जाते. डग्लस फर, हेमलॉक, मधूनच सीडर. डग्लस फर ओळखायचा असेल तर खाली पडलेला शंकू उचला. त्याच्या प्रत्येक खवल्याखालून तीन टोकांची एक पातळ जीभ बाहेर आलेली असते. मधलं टोक लांब, बाजूची दोन आखूड. एखादा उंदीर घाईघाईने आत शिरावा आणि शेपूट व मागचे पाय बाहेर राहावेत, अगदी तसं. आईने दोन-चार शंकू उलटसुलट करून पाहिले आणि नीट जागच्या जागी ठेवले.

वर पोचल्यावर पाणी दिसतं, लोक हुश्श करतात, खाऊ काढतात, फोटो घेतात आणि परत फिरतात. मला याचंच फार वाईट वाटतं! या काठावर तळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की समोर टॉम, डिक अँड हॅरी नावाचा डोंगर असतो आणि हूड असतो पाठीमागे. ज्याच्या प्रतिबिंबामुळे या तळ्याला नाव मिळालं, तो पर्वत इथून पाण्यात दिसतच नाही.

आईसुद्धा तिथल्या ओंडक्यावर टेकली. "मी इथंच बसते, तू ये जाऊन."

"आई, चढ संपला. आता सपाटच आहे. चल ना."

तळ्याला वळसा घालायला फारसा वेळ लागत नाही. पलीकडे गवताळ, दलदलीचा भाग आहे. तिथे मळलेली वाट सोडू नये, कारण काठावरची झुडपं पायाखाली आली की लवकर सावरत नाहीत. तिथून मागे वळून पाहिलं आणि ११,२४९ फुटांचा हूड सबंध समोर आला, हिमनद्यांसकट. वारा पडलेला होता, म्हणून पाण्यातही उतरलेला. हा ज्वालामुखी आहे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो जागा झाला होता. त्या वेळची राख आणि वाळू सँडी नदीत इतकी साचली की १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांनी तिला 'क्विकसँड रिव्हर', म्हणजे रुतवणाऱ्या वाळूची नदी, म्हटलं. हे सांगितल्यावर आईने विचारलं, "म्हणजे पुन्हा जागा होऊ शकतो?" होऊ शकतो. तिने पर्वताला हात जोडले.

जायचं असेल तर कामाच्या दिवशी, सकाळी लवकर जा. एकतर पार्किंग मिळतं आणि वारा सुटायच्या आत पाणी स्थिर असतं. जुलैमध्ये डासांचं औषध हवंच. ऑगस्टच्या शेवटी हकलबेरी नावाची रानफळं पिकतात. गुडघे ठणठणीत असतील त्यांनी टॉम, डिक अँड हॅरीच्या माथ्यापर्यंत जावं. हवा स्वच्छ असेल तर सेंट हेलेन्स, रेनियर, अ‍ॅडम्स हे उत्तरेकडचे पर्वतही दिसतात. पण त्याआधी पलीकडचा काठ.