सॉर्गच्या काठाने: तिकीट काढण्याआधी हे वाचा

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हीन्यों स्टेशनवर नुसतं ‘सॉर्ग’ म्हणाल तर उत्तरेकडच्या सॉर्ग गावाचं तिकीट हाती पडेल. सॉर्ग नदीचा उगम आणि पाणचक्क्यांचं गाव आहे पूर्वेला. तिकडे जायला काव्हायोंची गाडी धरायची आणि ‘लील–फोंतेन-द-व्होक्ल्यूज’ला उतरायचं. तिथून उगम सातेक किलोमीटर. बस आहेत, पण कमी. परतीची शेवटची वेळ आधीच बघून ठेवा, विशेषतः रविवारी.

उगमाच्या गावी, फोंतेन-द-व्होक्ल्यूजला, आम्ही मुद्दाम एप्रिलमध्ये गेलो. डोंगरात मुरलेलं पाऊस-बर्फाचं पाणी इथे उंच कड्याच्या पायथ्याशी एका डोहातून एकदम वर येतं, आणि उगमापाशीच भरली नदी होते. फ्रान्समधला हा सर्वात मोठा उगम. १९८५ साली डोहात यंत्रमानव खाली सोडला, तो ३०८ मीटरवर तळाला टेकला. वसंतात डोह भरून खडकांवरून फेसाळत वाहतो, तर उन्हाळ्यात पाणी खोल जातं आणि नदी खालच्या दगडांमधून निघते. तेव्हा निवड असेल तर मार्च-एप्रिलच. गावातून काठाकाठाने चढत पंधरा-वीस मिनिटं लागतात. दगड निसरडे आहेत, बूट चांगले हवेत, आणि कुंपण ओलांडू नका. कवी पेत्रार्क १३३७ मध्ये या दरीत राहायला आला. त्याचं छोटं संग्रहालय नदीच्या डाव्या तीरावर आहे. पाण्याचा हिरवा रंग बघितल्यावर तो इथेच का रमला, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

खाली पाणचक्क्यांच्या गावात, लील-स्यूर-ला-सॉर्गमध्ये, नदीचे फाटे गावभर फिरतात. शेवाळलेली मोठी लाकडी चाकं अजून फिरताना दिसतात. कधीकाळी त्यांच्यावर लोकर-रेशमाचे कारखाने चालत. कवी रने शार इथलाच, जन्म १९०७. रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तेव्हा सकाळी लवकर पोचा. शाकाहारी मंडळींनी बाजारातच ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज आणि पाव घेऊन काठावर बसावं. आमचं पोट छान भरलं.

आणि ते उत्तरेचं सॉर्ग? चित्रकलेची आवड असेल तर तिथेही उतरा. १९१२ च्या उन्हाळ्यात चित्रकार पिकासो आणि ब्राक तिथे राहत होते. लाकडाच्या नक्षीचा छापील कागद आव्हीन्योंच्या दुकानातून आणून ब्राकने तिथेच चित्रावर चिकटवला, आणि कोलाजचा, म्हणजे कागद चिकटवून केलेल्या चित्रांचा, एक नवा रस्ता उघडला. तसं गाव साधंच आहे, तासाभरात बघून होतं.

नकाशात शोधताना आणखी एक सॉर्ग सापडेल, फ्रान्सच्याच अव्हेरों जिल्ह्यातली, सें-आफ्रीक गावातून जाणारी. ती वेगळीच नदी, बरीच पश्चिमेला. त्याच अव्हेरोंशी नातं असलेली, ‘मादाम सॉर्ग’ या नावाने युरोपभर कामगारांच्या सभा गाजवणारी एक समाजवादी बाईही होऊन गेली. अव्हेरोंला जायचं तर वेगळी सहल आखा, या सहलीत ते बसणार नाही.

वेळ हाताशी असेल तर फोंतेनहून लीलकडे होडीने उतरा. उन्हाळ्यात होडी आधीच ठरवावी लागते, आणि कपड्यांचा एक जोड जास्तीचा घ्या, कारण पाणी भर उन्हातही गारठवतं.