फोटोग्रॅव्ह्युअर शिकताना: आधी काळा, मग पांढरा

फोटोग्रॅव्ह्युअर म्हणजे फोटो प्लेटवर बारीक खड्ड्यांच्या रूपात उतरवायचा, त्यांत शाई भरायची आणि प्रेसखाली कागदावर छापायचा. त्याची मूळ पद्धत तांब्याच्या प्लेटची. १८७९ मध्ये कारेल क्लिच यांनी व्हिएन्नात ती पक्की केली. राळेची भुकटी प्लेटवर वितळवायची, वर पोटॅशियम डायक्रोमेटने संवेदनशील केलेला जिलेटिनचा कागद चढवायचा आणि मग फेरिक क्लोराइडच्या एकापेक्षा एक पातळ द्रावणांत कोरकाम करायचं. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, म्हणून मी पाण्याने धुता येणाऱ्या पॉलिमर प्लेटपासून सुरुवात केली. नवशिक्याला मीही तेच सुचवेन.

पॉलिमर अतिनील प्रकाशात कडक होतं. पॉझिटिव्ह फिल्मच्या (पारदर्शक फिल्मवर काळा काळाच ठेवून छापलेल्या चित्राच्या) काळ्या भागाखाली प्रकाश पोचत नाही. तिथला थर मऊ राहतो, धुतला जातो आणि पडलेल्या खड्ड्यात शाई बसते. मात्र मोठा काळा भाग सलग धुतला गेला, तर पसरट खड्ड्यात शाई टिकत नाही. पुसताना ती मधूनच निघते आणि छाप्यावर गडद कडेचा राखाडी डाग उमटतो. त्यासाठी प्लेटला दोनदा प्रकाश द्यावा लागतो: एकदा स्क्रीनमधून, म्हणजे बारीक, विस्कळीत ठिपके असलेल्या फिल्ममधून, आणि एकदा चित्राच्या फिल्ममधून. स्क्रीनच्या ठिपक्यांमुळे खड्ड्यांत शाई धरणाऱ्या भिंती तयार होतात.

या दोन्ही प्रकाशांना किती वेळ द्यायचा ते ठरवणं हाच या कामाचा गाभा. ते झाल्याशिवाय प्लेटवर फोटो चढवू नये.

आधी फक्त स्क्रीन घ्यावी. प्लेटच्या एका पट्टीवर काळं पुठ्ठं पुढे सरकवत ३०, ४५, ६०, ७५, ९० सेकंद असा प्रकाश द्यायचा, धुऊन छापायचं. सर्वांत काळी पट्टी ती आपली वेळ. त्याहून कमी वेळेला भिंतीच नीट तयार होत नाहीत, जास्त वेळेला खड्डे उथळ होतात. दोन्हीकडे काळा फिका पडतो. दिवा किंवा प्लेटची जात बदलली की चाचणी नव्याने करावी लागते.

मग स्क्रीनची वेळ तीच ठेवून ० ते १०० टक्क्यांपर्यंत ५-५ टक्क्यांनी चढणारी राखाडी पट्टी फिल्मवर छापून दुसऱ्या प्रकाशाची वेळ काढायची. ० टक्के कागदाइतका पांढरा आणि ५ टक्के जेमतेम वेगळा दिसला की ती वेळ बरोबर. वेळ कमी पडली तर उजळ भागावर धुरकट पडदा येतो. ८५ च्या पुढच्या छटा एकमेकींत मिसळत असतील, तर संगणकावर फोटोचा कर्व्ह (छटा गडद-फिक्या करणारी रेषा) बदलून त्या सुट्या कराव्यात. प्रकाशाची वेळ हलवून ते साधत नाही, उलट पांढरा बिघडतो.

फिल्म शाईची बाजू प्लेटला टेकवून ठेवायची. अशी ठेवली की चित्र आधी उलटं करावं लागत नाही, छाप्यात ते सरळच येतं. फिल्म प्लेटवर दाबून धरणारा व्हॅक्यूम (हवा काढून घेण्याची सोय) चांगला नसेल तर ज्या जागी फिल्म उचललेली राहते तिथे चित्र धूसर होतं. व्हॅक्यूममध्ये फिल्म चिकटून रंगीत वलयं दिसली, तर टाल्क पावडरचा अगदी पातळ हात पुरतो.

धुण्याचं पाणी २० ते २५ अंश सेल्सियस असावं. मऊ ब्रशने दीड-दोन मिनिटं हलक्या हाताने धुवावं. गरम पाणी आणि जोर बारीक ठिपके उखडतो. लगेच शोषक कागदाने टिपून ड्रायरने वाळवावं. पाण्याचा थेंब राहिला तर डाग कायमचा राहतो. मग प्लेटला पुन्हा भरपूर प्रकाश देऊन पूर्ण कडक करावं. पिवळ्या दिव्यात काम करावं. अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये.

शाई पुसणं हातालाच शिकावं लागतं. एचिंगची शाई पातळ लावून टार्लटनच्या (विरळ विणीच्या कडक सुती कापडाच्या) बोळ्याने गोलाकार पुसायची, मग तळहाताने शेवटचा हात द्यायचा. काळ्या भागात पुसण्याचा जोर कमी, उजळ भागात थोडा जास्त. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) सुती, पाण्यात २०-३० मिनिटं भिजवून टिपलेला: थंड लागावा, पण पृष्ठभागावर चकाकी दिसू नये. चकाकी असेल तिथे शाई उचलली जात नाही. प्लेटच्या कडा कानशीने तिरक्या करून घ्याव्यात, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली कागद फाटतो आणि फेल्टवर (प्रेसमध्ये कागदावर अंथरतात त्या जाड लोकरी कापडावर) वळ पडतात.

छापून झाल्यावर प्लेट वनस्पती तेलाने पुसून ठेवावी, पाण्याने नाही: कडक झालेलं पॉलिमरही ओलाव्यात मऊ पडतं आणि पुढच्या छाप्यांत आधी उजळ छटा जातात.