केस पेपरवर उमटलेली हिरवी छाप

कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात ड्युटी करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, पावसाळ्यात सर्पदंश, विंचू, लेप्टो हे ठरलेलं असतं, अळंबीची केस मात्र क्वचित येते कारण इथली माणसं अळंबी पिढ्यानपिढ्या खातायत आणि ओळखतायत. म्हणूनच गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकाच घरातली चार माणसं रिक्षातून उलट्या करत उतरली आणि "मॅडम, अळंबी खाल्ली" म्हणाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नवरा-बायको, त्याची बहीण आणि आठ वर्षांचा मुलगा. मुंबईहून सणाला आलेले चाकरमानी. सोबत सत्तरीच्या पुढची आजी, ती एकदम ठणठणीत, कारण तिने घासही खाल्ला नव्हता.

पोरगा सगळ्यात वाईट होता. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, हातपाय गार, नाडी नुसती पळत होती. सिस्टरने सलाईन लावेपर्यंत मी एकच प्रश्न तीन-तीनदा विचारत होते, जेवलात किती वाजता आणि पहिली उलटी किती वाजता? सगळे मला कुठे मिळाली, किती खाल्ली, मसाला काय घातला तेच सांगत होते, मला फक्त घड्याळ हवं होतं.

अळंबीच्या विषबाधेत उलट्या लवकर सुरू झाल्या तर एका अर्थी बरं. तास-दोन तासांत त्रास सुरू झाला तर बहुतेक वेळा विष पोटातच धिंगाणा घालतं, माणूस पाणी-क्षारांच्या कमतरतेने लोळागोळा होतो पण सांभाळला तर उठतो. सहा तास उलटून गेल्यावर, रात्री झोपेत वगैरे जुलाब सुरू झाले तर खरी भीती, कारण अमॅनिटासारख्या जातींचं विष लिव्हरवर जातं आणि ते शिजवून जात नाही. त्यातही दुसऱ्या दिवशी पेशंटला बरं वाटतं, घरचे म्हणतात सोडा आता आम्हाला, आणि नेमकं तेव्हा आत लिव्हर खलास होत असतं.

शेवटी बहिणीने नीट सांगितलं. एक-सव्वाला पानं वाढली, अडीचच्या आत पोराला पहिली उलटी. जरा श्वास घेतला. जरा म्हणजे जराच, कारण टोपलीत दोन जाती मिसळलेल्या असतील तर लवकर झालेली उलटी दुसऱ्या विषाची काहीच गॅरंटी देत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, लाळ-घाम बघितला, लाळ-घाम आणणाऱ्या अळंबीच्या विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन जवळ काढून ठेवलं, लागलं नाही. पोराला वजनाप्रमाणे आरएल (क्षारांचं सलाईन) भरभर सोडलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. जुलाब बंद करायची गोळी मुद्दाम कोणालाच दिली नाही, जे बाहेर पडतंय ते पडू दे. रक्ताची सॅम्पल्स लिव्हर-किडनीच्या तपासणीला जिल्ह्याला रवाना केली.

मग म्हटलं अळंबी बघायला मिळाली तर बरं, कोणीतरी घरी जाऊन उरलेली भाजी, देठं काहीतरी आणा. तेवढ्यात आजीने पिशवीतून हळदीच्या पानाची पुडी काढली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. भाजी करताना न चिरलेल्या दोन आणि केरात टाकलेली देठं ती निघताना उचलूनच आली होती! इतक्या वर्षांत इतकं शहाणपणाचं काम करून आलेला नातेवाईक मी बघितला नव्हता, आणि हे मी तिला तिथेच सांगितलं.

पांढरीशुभ्र मोठी छत्री, वर तपकिरी खवले, देठाला वर-खाली सरकणारी अंगठी, बुडाला फुगीर गाठ. एक कोवळी होती तिच्या खालच्या पापुद्र्या पांढऱ्या, दुसरी पूर्ण उमललेली, तिच्या पापुद्र्यांवर मळकट हिरवट झाक आलेली.

"ही आमची अळंबी नाय गो बाय," आजी म्हणाली. "आमची वारुळार येता, तिका हातभर शेपूट असता. ह्येका बघ, कांदो आसा. मी सांगलंय, पण माझा कोण ऐकता."

आजीचं शेपूट म्हणजे शास्त्रच आहे. वारुळाची अळंबी वाळवी स्वतः पिकवते. पालापाचोळा खाऊन वाळवी जमिनीखाली मधाच्या पोळ्यासारखी बाग रचते, तिच्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते आणि चांगला पाऊस पडून गेला की तिथून लांब मूळ वर फेकून, टोकदार डोक्याने माती फोडून बाहेर येते. वाळवीशिवाय तिची शेती अजून कोणाला बाजारात विकण्याइतकी जमलेली नाही, म्हणून पावसाळ्यात रस्त्याकडेला वाटे लागले की लोक सांगतील तो भाव देतात. गोव्यात ओळमी, विदर्भात सात्या, वेड सगळीकडे सारखंच. आणि नवऱ्याने आणलेली होती शाळेच्या मैदानातल्या गवतातली, गोल कडं करून उगवलेली. त्याला लहानपणीची चव आठवत होती, पण अळंबी खणून आणायची आजी, तो फक्त जेवायला बसायचा. बायकोने बिचारीने शेजारणीचं ऐकून कढईत लसूण आणि चांदीचं नाणं टाकून बघितलं, दोन्ही काळी पडली नाहीत म्हणून सगळ्यांना वाढली. ही नाण्याची परीक्षा बंद व्हायला हवी हो. जीवघेण्या अळंबीतही चांदी चकचकीत राहते. किड्यांनी खाल्लेली चालते हेही तसंच, गोगलगाय जे पचवते ते आपलं लिव्हर पचवत नाही.

रात्री काम जरा हलकं झाल्यावर त्या उमललेल्या छत्रीचं देठ कापलं, कोऱ्या केस पेपरवर पापुद्र्या खाली करून ठेवली आणि वर स्टीलची वाटी उपडी घातली. सिस्टर म्हणाली मॅडम हे काय, म्हटलं सकाळी बघ. सकाळी वाटी उचलली तर कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा, फिकट शेवाळी हिरव्या. बहुतेक अळंबीच्या बीजाणूंची पूड पांढरी, गुलाबी, तपकिरी, काळी अशी पडते, वारुळाच्या अळंबीची गुलाबीसर. हिरवी छाप, खवले आणि सरकती अंगठी एकत्र म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, जगभर गवतात-लॉनवर उगवणारी आणि लोकांना हमखास फसवणारी, कारण कोवळी असताना तिच्या पापुद्र्या पांढऱ्याच असतात. वेळेचा हिशोब तिच्याशी बरोबर जुळत होता.

तोवर मोठ्या तिघांच्या उलट्या थांबल्या होत्या आणि घरी जायची घाई सुरू झाली होती. मी सोडलं नाही. छाप दोनातल्या एका छत्रीची होती, कढईत काय-काय गेलं ते त्या कागदाला माहीत नव्हतं. नवरा थोडा चिडला, एसटीचं रिझर्वेशन आहे म्हणाला. आजीनेच त्याला गप्प केलं. लिव्हरचे पहिले रिपोर्ट नॉर्मल आले, तरी पुन्हा रक्त पाठवलं, तेही नॉर्मल आलं, मग डिस्चार्ज पेपरवर सही केली. पोराने आदल्या रात्रीपासून पेज मागायला सुरुवात केली होती आणि लघवी भरपूर होत होती, मला खरा दिलासा त्यानेच मिळाला.

जाताना बापाने त्या हिरव्या कागदाचा फोटो काढला, वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली मैदानाचं नाव लिहिलं. दोन दिवसांनी ओपीडीत एकजण फोनवर कुठल्याशा अळंबीचे फोटो दाखवत विचारत होता मॅडम, ही चालेल का? म्हटलं फोटोवरून मी काही सांगणार नाही आणि ते मोबाईलमधलं ॲप सांगतं त्यावर तर अजिबात जेवू नका. त्याला आजीच्या वाडीचं नाव दिलं. नंतर आजी ड्रेसिंगला आली तेव्हा कळलं, तो खरंच गेला होता आणि तिने त्याची सगळी पिशवी उकिरड्यावर रिकामी करायला लावली होती.