वांग्यावरचा आळ

नोव्हेंबरच्या अखेरची दुपार होती. नौपाड्यातल्या आमच्या घराच्या गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसलो असताना ध्यानात आले, की उजव्या हाताची बोटे केव्हाची डाव्या कोपराच्या लवणीत शिरून आपले काम करीत आहेत. हवा पालटल्याची वार्ता वेधशाळेच्या आधी माझ्या कोपराला कळते. खाडीकडून येणारा दमट वारा थांबून उत्तरेचा कोरडा वारा सुटला, की इसब जागे होते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये ठाण्यात जो घाम येतो, त्यानेही ते जागे होते. पण त्या दिवसांत सगळेच खाजवत असतात, त्यामुळे माझ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

खाजवण्याच्या सुखाविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. लोकांना वाटते, खाज हाच त्रास. वास्तविक त्रास सुरू होतो तो नंतर, कातडी सोलवटून आग होऊ लागली म्हणजे. आणि ती आग शमते न शमते तोच खाज दुपटीने परत येते. लहानपणी रात्री झोपेत मी रक्त काढीन म्हणून आई माझी नखे मुळापर्यंत कापत असे आणि बाबांचे जुने सुती मोजे माझ्या हातांवर चढवून मनगटाशी नाडीने बांधत असे. सकाळी मोजे खाटेखाली सापडत. मग आजीची पाळी. बंबात कडुलिंबाचा पाला उकळत ठेवलेला असायचा आणि ते हिरवट, कडवट वासाचे कढत पाणी ती तांब्यातांब्याने कोपरांवर आणि गुडघ्यांमागे ओतायची. ते पाणी पडताच जे वाटायचे, त्याला दुसरी उपमा मला आजवर सापडलेली नाही; डोळे आपोआप मिटत. मात्र कढत पाण्याने कातडीवरचे उरलेसुरले तेलही धुऊन जाते, हे आजीला कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगितले असते तरी तिने ते ऐकले नसते. शाळेत माझ्या बाकावरच्या मुलाला त्याच्या घरच्यांनी जागा बदलून घ्यायला लावली होती. इसब लागट नसते, लागते ते गजकर्ण. लोकलमध्ये शेजारचा माणूस माझा हात पाहून अंग चोरतो, तेव्हा हे वाक्य अजूनही माझ्या ओठांवर येते आणि मी ते गिळतो.

त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले, की हे मुळापासून जाणारे दुखणे नव्हे, ते आटोक्यात ठेवायचे. अनेक रुग्णांमध्ये फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे जनुक सदोष असते, त्यामुळे कातडीतला ओलावा टिकत नाही. हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे आजी पाला उकळत होती तेव्हा या गोष्टीचा जगात कोणालाच पत्ता नव्हता. आता अंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात, अंग पुसायचे ते टिपून, आणि कातडी ओलसर आहे तोवर दोन-तीन मिनिटांत ओलावा टिकवणारे क्रीम लावून मोकळे व्हायचे. चट्टा उठलाच तर स्टेरॉईडचे मलम, तेही मापात: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. स्टेरॉईड म्हटले की आमच्या इमारतीतली माणसे विंचू पाहिल्यासारखी मागे सरतात. हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉईडचे मलम १९५२ पासून वापरात आहे, आणि तीच माणसे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय कुठलेतरी मिश्र मलम आणून गजकर्णावर महिनोन्‌महिने चोळत बसतात. आतल्या स्टेरॉईडने खाज तेवढी थांबते, गजकर्ण मात्र खुशाल पसरत राहते.

मला खरे जड जाते ते वेगळेच. ज्या जागी चट्टा पुन्हापुन्हा येतो, तिथे तो नसतानाही आठवड्यातून दोनदा औषध लावायला मला सांगितलेले आहे. दुखत्या जागेला औषध लावताना हात आपोआप चालतो; गुळगुळीत, निर्दोष कोपराला निमूटपणे मलम लावण्यासाठी जी शिस्त लागते ती मला अंगी बाणवावी लागली. घरच्यांना तर तो निव्वळ चाळा वाटतो. ‘काही नाहीये ना आता, मग कशाला?’ या प्रश्नाला मी उत्तर देणे सोडले आहे.

मावशीच्या मते या सगळ्याचे मूळ वांगे. तिचे निरीक्षण चुकीचे आहे असेही म्हणता येत नाही. आमच्याकडे चातुर्मासात वांगे वर्ज्य. ते पुन्हा ताटात येते चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याच्या भरिताच्या रूपाने. नेमका त्याच सुमारास वारा कोरडा होतो आणि दत्तजयंतीपर्यंत माझे कोपर लाल झालेले असते. वर्षानुवर्षे इतका चोख पुरावा मिळत असताना तिने वांग्याला का सोडावे? एकदा मी तिला उत्तरेचा वारा, हवेतली आर्द्रता वगैरे सारे नीट समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘अरे, वारा सगळ्या ठाण्याला लागतो. खाज तुलाच का?’

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तरही माझ्याजवळ होते. इसब, दमा आणि सकाळच्या शिंका ही एकाच घराण्यात नांदणारी दुखणी आहेत. माझ्या आजोळी आजोबांना दमा होता आणि मावशी स्वतः उठल्यापासून चहा होईपर्यंत शिंकत असते. पण तिच्या माहेरावर बोट ठेवण्यापेक्षा वांग्यावर आळ राहिलेला बरा. यंदाही भरीत तिच्याकडेच आहे. मी कोपराला मलम लावून जाईन.